कमी प्रथिनाचें कोंबडी-खाद्य व वनस्पतिजन्य पूरकें

मांसासाठीं कोंबड्या पाळण्याचा धंदा पूर्वीं शेतीचा जोडधंदा म्हणून ओळखला जाई. आतां कित्येक घरीं शेतीचा तोटा भरून काढण्याचें काम हाच धंदा करीत आहे. या धंद्यांत एकूण खर्चाचा सुमारें दोन तृतीयांश भाग एकट्या खाद्यावर पडतो, हें ज्यानें एक वेळ तरी जमाखर्चाची वही नीट लिहिली आहे त्यास सांगावयास नको. खाद्यांतही अधिक महाग अंग म्हणजे प्रथिन, आणि आपल्याकडे तें मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीतून मिळतें. २०२१ सालीं सोयाबीनचा भाव क्विंटलास दहा हजार रुपयांच्या घरांत गेला, तेव्हां पेंडीच्या महागाईनें कोंबडीवाले इतके घायकुतीस आले कीं, त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारास परदेशांतून १२ लाख टन पेंड आणण्यास परवानगी द्यावी लागली. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या शेतांत सोयाबीन व शेडमध्यें कोंबड्या अशी दोन्ही असतात. एका हातास मिळालें तें दुसऱ्या हातानें गेलें, असा अनुभव त्यांनीं त्या सालीं घेतलाच आहे.

अशा वेळीं पेंड कमी करून काम भागेल काय, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे; आणि प्रश्न आला कीं त्याचें उत्तर पिशवींत घालून विकणाराही दारीं येतो. पाल्याचें अगर मुळ्यांचें चूर्ण खाद्यांत मिसळा, म्हणजे प्रथिन कमी केलें तरी पक्षी तसाच वाढेल, असें सांगितलें जातें. यांत खरें किती व खोटें किती, याचा हिशेब वाचकांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एका बॅचची हकीकत

माझा पुतण्या हजार पक्ष्यांचें शेड चालवितो व खाद्य घरींच दळून मिसळतो. मागें पेंड महागली असतां एका विक्रेत्यानें त्यास औषधी चूर्ण दिलें व एक तृतीयांश पेंड खुशाल कमी करा असें सांगितलें. शंभर किलो खाद्यांत तीस किलो पेंड असे, ती त्यानें वीस किलोंवर आणिली, दहा किलो मका वाढविला, व टनास एक किलो या मानानें चूर्ण घातलें. पहिल्या आठवड्यांत कांहीं दिसलें नाहीं. पुढें पिसें विरळ येऊं लागलीं, पक्षी एकमेकांस टोंचूं लागले, खाद्याचीं भांडीं मात्र लवकर रिकामीं होत. बेचाळिसाव्या दिवशीं वजन केलें तेव्हां मागील बॅचपेक्षां सरासरी पाव किलोहून अधिक तूट आली, आणि कापल्यावर पोटांत चरबी जास्त निघाली. व्यापाऱ्यानें भावही पाडून मागितला.

त्या रात्रीं आम्ही वही घेऊन बसलों. जन्म आकडे उतरण्यांत गेल्यामुळें मला दुसरें कांहीं येत नसलें तरी बेरीज-वजाबाकी येते. तो हिशेब पुढें देत आहें.

प्रथिन म्हणजे काय

खाद्याच्या पिशवीवर जो प्रथिनाचा आंकडा असतो, तो प्रत्यक्ष प्रथिन मोजून काढलेला नसतो. खाद्यांतील नत्र मोजून त्यास ६.२५ नें गुणितात, व येणाऱ्या संख्येस प्रथिन म्हणतात. नत्र मोजण्याची ही रीत डेन्मार्कमधील केल्डाल नामक रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं बसविली. पक्ष्यास मात्र हा आंकडा लागत नाहीं. प्रथिन पोटांत गेलें म्हणजे तें फुटून अमिनो आम्लें होतात, व पक्ष्यास गरज आहे ती या आम्लांची. भिंत बांधतांना विटा, चुना व लाकूड हीं ठराविक मानानें लागतात. विटांचा ढीग कितीही केला तरी चुना संपला म्हणजे काम थांबतें. तसेंच येथें आहे. मका व सोयाबीन यांच्या खाद्यांत प्रथम तुटवडा पडतो तो मिथिओनिनचा, त्यामागून लायसिनचा, नंतर थ्रिओनिनचा. त्यांच्यापुढें व्हॅलिन, आयसोल्यूसिन व आर्जिनिन यांची पाळी येते.

जें आम्ल गरजेहून जास्त आलें तें पक्षी सांठवून ठेवूं शकत नाहीं. त्यांतील नत्र तो यूरिक आम्लाच्या रूपानें विष्ठेतून टाकितो. म्हणजे महाग पेंडीचा कांहीं भाग आपण गादीवर पसरीत असतों.

भारतीय मानक ब्यूरोच्या २००७ सालच्या मानकांत (आय. एस. १३७४) ब्रॉयलरच्या खाद्यांत अगदीं प्रारंभीं २३, त्यानंतर २२ व शेवटच्या अवस्थेंत २० टक्के प्रथिन सांगितलें आहे. मिथिओनिन, लायसिन व थ्रिओनिन हीं आम्लें आतां कारखान्यांत तयार होऊन सुटीं मिळतात. तीं तुटवड्यापुरतीं वरून घातलीं तर एकूण प्रथिन थोडें उतरवितां येतें, हें देशोदेशींच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे.

पेंड कमी केली तर काय जातें

एक टन, म्हणजे १००० किलो, खाद्य घ्या. सोयाबीनच्या चांगल्या पेंडींत सुमारें ४६ टक्के व मक्यांत सुमारें ९ टक्के प्रथिन असतें. एक किलो पेंड काढून तेथें एक किलो मका घातला म्हणजे सुमारें ३७० ग्रॅम प्रथिन कमी होतें. एक टक्का, म्हणजे टनामागें १० किलो, प्रथिन कमी करण्यास सुमारें २७ किलो पेंड काढावी लागते. दोन टक्क्यांस ५४ किलो.

या ५४ किलोंच्या अदलाबदलींत काय गेलें? पेंडींत लायसिन सुमारें २.८५ टक्के, मक्यांत पाव टक्का. तेव्हां गेलें १.४ किलो लायसिन. मिथिओनिन गेलें पाव किलोच्या आंत-बाहेर. थ्रिओनिन गेलें सुमारें ८०० ग्रॅम. बाजारांत लायसिन ज्या क्षाररूपानें मिळतें त्यांत खरें लायसिन ७८ टक्क्यांच्या आसपास असतें, म्हणून १.४ किलोची भरपाई करण्यास १.८ किलो क्षार घालावा लागतो. बाकीचीं दोन आम्लें जवळजवळ शुद्ध मिळतात.

उलट बाजूस कांहीं जमाही होते. पेंडीपेक्षां मक्यांत उष्णता देणारी शक्ति किलोमागें सुमारें हजार किलोकॅलरींनीं अधिक आहे. ५४ किलोंच्या बदलींत ती इतकी वाढते कीं, खाद्यांतील तेल टनास सुमारें ६ किलोंनीं कमी करितां येतें. तेव्हां वाचलेली पेंड व तेल एका बाजूस, आणि वाढलेला मका व तीन आम्लें दुसऱ्या बाजूस, असें मांडून त्यावर आपल्या बाजाराचे भाव घालावेत. पेंड महाग असेल तेव्हां बाकी नफ्याची निघते. पेंड स्वस्त व आम्लें महाग असतील तेव्हां निघत नाहीं. हा हिशेब दर बॅचला नव्यानें करावा. एकदां केलेला जन्मभर पुरत नाहीं.

आतां पुतण्याच्या बॅचकडे पाहा. त्यानें टनास ५४ नव्हे, १०० किलो पेंड काढली. प्रथिन साडेएकोणीसच्या जवळपास होतें तें सोळांच्या खालीं आलें. लायसिन टनामागें अडीच किलोंहून अधिक, म्हणजे एकूणाच्या चौथ्या हिश्श्यानें, कमी झालें. त्याच्या भरपाईस काय घातलें? एक किलो चूर्ण. पक्ष्यानें पोट भरण्यासाठीं अधिक खाल्लें, जादा शक्तीची चरबी केली, आणि पिसांस व छातीच्या मांसास सामग्री पुरली नाहीं. दोष पक्ष्यांचा नव्हता, हवेचा नव्हता, वजाबाकीचा होता.

पाल्याकडून काय होणार नाहीं

शेवग्याचा पाला प्रथिनानें चांगल्या पाल्यांपैकीं एक गणला जातो. वाळलेल्या पाल्यांत शेंकडा सुमारें २५ प्रथिन असतें. एक किलो पाल्यांत २५० ग्रॅम प्रथिन, व त्यांत लायसिन फार तर १२-१३ ग्रॅम, मिथिओनिन चार ग्रॅमच्या आसपास. वर दाखविलेली १.४ किलो लायसिनची तूट पाल्यानें भरावयाची म्हटली तर टनास शंभर किलोंहून अधिक पाला लागेल. इतक्या पाल्यानें खाद्यांत चोथा वाढतो, शक्ति उतरते, आणि पक्षी तें पुरेसें खात नाहीं. मग हळद, लसूण, तुळस, अश्वगंधा यांच्या किलोभर चूर्णानें ती कशी भरणार? त्यांत तर प्रथिन पाल्याहूनही कमी. जेथें किलो हवे तेथें ग्रॅम देऊन भागत नाहीं. “यांत वनस्पतीचें मिथिओनिन आहे” असें कोणी सांगितल्यास, किलोमागें किती ग्रॅम आहे व तें कोणत्या प्रयोगशाळेनें मोजलें, एवढेंच विचारावें.

पाल्याकडून काय होऊं शकतें

परंतु म्हणून वनस्पतींस टाकाऊ ठरविणेंही बरोबर नाहीं. त्यांचें काम आम्लें पुरविण्याचें नसून, आहे तें पचविण्यास मदत करण्याचें आहे. लसणींतील अ‍ॅलिसिन, ओव्यांतील थायमॉल, हळदींतील कर्क्युमिन व कलौंजींतील थायमोक्विनोन हीं द्रव्यें आंतड्यांतील कांहीं उपद्रवी जंतूंस आळा घालितात, पाचकरस अधिक सुटण्यास मदत करितात, व त्यांपैकीं कांहीं उन्हाच्या ताणांतही पक्ष्यास थोडा आधार देतात, असें अनेक प्रयोगांत आढळलें आहे. युरोपीय संघानें वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें घालणें १ जानेवारी २००६ पासून बंद केलें, आणि आपल्या सरकारानें २०१९ सालीं कोलिस्टिन हें औषध खाद्य-जनावरांस देण्यास मनाई केली. त्यानंतर या वनस्पतींकडे जगाचें लक्ष अधिक वळलें आहे.

कमी प्रथिनाच्या खाद्याशीं त्यांचें नातें येथेंच जुळतें. न पचलेलें प्रथिन मागील आंतड्यांत गेलें म्हणजे तेथें कुजतें, व आंतड्यांस व्रण पाडणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंस तें आयतें अन्न होतें. प्रथिन बेतानें दिलें म्हणजे कुजण्यास माल कमी पोंचतो; आणि पचन सुधारलें म्हणजे त्यांतलाही आणखी कांहीं वांचतो. दोन्ही उपाय एकाच दिशेचे आहेत. पण दुसरा पहिल्याची जागा घेत नाहीं.

प्रयोगांचे निकाल सर्वत्र सारखे नाहींत, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. एका ठिकाणीं लसणीनें वजन वाढलें, दुसरीकडे कांहीं फरक पडला नाहीं. याचें एक कारण असें कीं, वनस्पतींतील गुणकारी द्रव्य जमीन, जात, काढणी व सुकवणी यांवर अवलंबून असतें. एका पोत्यांतील चूर्ण दुसऱ्यासारखें नसतें. दुसरें कारण, शेड स्वच्छ असून पक्षी निरोगी असतील तर सुधारण्यास जागाच थोडी उरते.

वापरावयाचें झाल्यास

प्रयोगांतून साधारणतः हळदीचें चूर्ण टनास पांच किलो, लसणीचें चूर्ण तीन ते पांच किलो, कलौंजी दहा किलोंपर्यंत, व शेवग्याचा वाळलेला पाला पन्नास किलोंच्या आंत, अशीं प्रमाणें वापरलीं गेलीं आहेत. तीं सर्व एकदम घालावयाचीं नसून एखादें निवडावयाचें आहे. पाला सावलींत वाळवून कडकडीत झाल्यावरच दळावा. ओलसर पाल्यावर बुरशी येते, व बुरशीचें विष पिल्लांच्या यकृतास जें अपाय करितें त्यापुढें पाल्याचा गुण कांहींच नव्हे. हळद घरची असावी; बाजारांतील चूर्णांत रंगासाठीं शिशाची भेसळ आढळलेली आहे. सांगली-हिंगोलीकडील बागायतदारांस बारीक तुटकी हळद घरांतच मिळेल. कडुनिंबाचा पाला कडू असल्यामुळें जास्त झाला तर पक्षी खाणें कमी करितो. आणि पेंड महाग म्हणून कच्चें सोयाबीन भरडून घालण्याचा मोह कोणीं करूं नये; त्यांत पचनास अडविणारें द्रव्य असतें व तें नीट भाजल्यावांचून जात नाहीं.

गादीचा नफा

प्रथिन कमी करण्याचा एक लाभ वहींत दिसत नाहीं. तो शेडमध्यें शिरतांच नाकास कळतो. विष्ठेतील यूरिक आम्लावर जंतूंचें काम होऊन अमोनिया सुटतो. प्रथिन एक टक्क्यानें उतरविलें कीं विष्ठेतून जाणारा नत्र सुमारें आठ ते दहा टक्क्यांनीं घटतो. शिवाय पेंडींत पोटॅश पुष्कळ असतो. पेंड घटली म्हणजे पक्षी पाणी कमी पितो व गादी कोरडी राहते. कोरड्या गादीवर पायांच्या तळव्यांस जखमा कमी होतात. हवेच्या दहा लक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग झाले कीं डोळे व श्वासनलिका यांस अपाय होऊं लागतो. रोज शेडमध्यें वावरणाऱ्याच्या नाकास मात्र त्या वासाची संवय होते व त्यास कांहीं जाणवत नाहीं. म्हणून बाहेरच्या माणसास सकाळीं एकदां आंत नेऊन विचारावें. पावसाळ्यांत व थंडींत पडदे बंद असतात तेव्हां या लाभाची किंमत विशेष.

लायसिनच्या क्षाराबरोबर खाद्यांत क्लोराइड वाढतें व पेंडीबरोबर पोटॅश जातो. हा तोल सांवरण्यासाठीं मिठाचा कांहीं भाग कमी करून टनास एक ते दोन किलो खाण्याचा सोडा घालण्याची वहिवाट आहे. नक्की प्रमाण पशुवैद्यास विचारून ठरवावें.

मर्यादा कोठें

पहिल्या दहा दिवसांच्या पिल्लांच्या खाद्यास हात लावूं नये. त्या वयांत झालेली तूट पुढें भरून येत नाहीं. शेवटच्या अवस्थेच्या खाद्यांत एक ते दोन टक्के उतरविणें, आम्लांची भरपाई केल्यास, सुरक्षित म्हणतां येईल. तिहींच्या खालीं गेल्यास व्हॅलिन, आर्जिनिन, ग्लायसिन अशीं पुढील आम्लें अपुरीं पडूं लागतात, वाढ मंदावते व चरबी वाढते. आर्जिनिन तर पक्ष्याच्या शरीरांत तयारच होत नाहीं. तें सर्व खाद्यांतूनच आलें पाहिजे.

स्वतः पारखून पाहावें

विक्रेत्याच्या शब्दावर किंवा माझ्याही शब्दावर सबंध शेड लावूं नये. शेडमध्यें जाळीनें तीन सारखे कप्पे करावे व प्रत्येकांत एकाच दिवशीं आलेलीं शंभर पिल्लें सोडावीं. पहिल्यास नेहमींचें खाद्य; दुसऱ्यास दोन टक्के कमी प्रथिनाचें, आम्लें भरून काढलेलें; तिसऱ्यास दुसऱ्याचेंच खाद्य, पण वनस्पतीच्या चूर्णासह. दुसरा व तिसरा यांतील फरक तो चूर्णाचा; पहिला व दुसरा यांतील फरक तो प्रथिनाचा. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे श्रेय कोणाचें हें कळत नाहीं, व विक्रेत्याचें त्यांतच फावतें.

दर आठवड्यास प्रत्येक कप्प्यांतील वीस पक्षी न निवडतां धरून तोलावे. दिलेलें खाद्य, उरलेलें खाद्य व मेलेले पक्षी रोज लिहावे. शेवटीं एकूण खाद्यास एकूण वाढलेल्या वजनानें भागावें; किलो वजनास दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागणें हल्लींच्या जातींत समाधानकारक मानतात. त्यास खाद्याच्या दरानें गुणिलें म्हणजे एक किलो जिवंत वजनाचा खाद्यखर्च निघतो, आणि निकाल त्याच आंकड्यावर द्यावा. पुढील बॅचला कप्प्यांच्या जागा बदलून हाच प्रयोग पुन्हां करावा. कारण एका कोपऱ्यास वारा चांगला असतो, दुसऱ्यास नसतो.

जे वाचक कंपनीच्या करारावर पक्षी वाढवितात, त्यांचें खाद्य कंपनीचें असतें. त्यांनीं आपल्या मनानें कांहीं मिसळूं नये. करार मोडल्याचा ठपका येतो. मात्र खाद्यांत प्रथिन किती आहे हें पिशवीवर वाचावें, व गादी वारंवार ओली राहत असेल तर तसें लेखी कळवावें.

पुतण्यानें गेल्या हिंवाळ्यांत वरीलप्रमाणें कप्पे करून पाहिलें. दोन टक्के कमी प्रथिनाच्या कप्प्यांत वजन नेहमींच्या बरोबरीनें भरलें व गादी स्पष्टपणें कोरडी राहिली. हळद घातलेल्या कप्प्यांत वजनाचा फरक दिसला नाहीं. यावरून हळदीविरुद्ध निकाल देणें घाईचें होईल. थंडींत पक्षी निरोगी होते, खरी परीक्षा पावसाळ्यांत आहे, आणि तेव्हां तो प्रयोग पुन्हां व्हावयाचा आहे. पण पेंड कोणी भरून काढली, हा प्रश्न आतां आमच्या घरीं उरलेला नाहीं. ती आम्लांनीं भरून काढली, पाल्यानें नव्हे. ज्या वाचकांनीं असे कप्पे करून पाहिले असतील त्यांनीं आपले आंकडे, मग ते तोट्याचे असले तरी, या मासिकाकडे अवश्य पाठवावे. एकाचा तोटा लिहिला गेला तर दहांचा वांचतो.